राइस मिलची भिंत

गुरुजी आता गोंदियात नसतात. फुलचूरच्या त्यांच्या घराला कुलूप असतं, आणि सकाळी अकरा वाजता माझ्या दुकानात येऊन कुणी माझ्या कामात चुका काढत नाही. सुख म्हणावं असंच आहे. पण अकरा वाजले की मी अजून दाराकडे बघते, आणि मग स्वतःवरच चिडते.

गुरुजी कुठेही गेले तरी सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे. एसटीत शेवटची सीट, जिथे माणसाची हाडं खिळखिळी होतात. पंगतीत शेवटचं पान, जिथपर्यंत येता येता जिलबी संपलेली असते. माझ्या लग्नात तर ते मंडपाच्या बाहेर, आचाऱ्याच्या भट्टीपाशी उभे होते. तिथून त्यांनी अक्षता टाकल्या, त्या बहुधा वरणात पडल्या. दुसऱ्या दिवशी भेटले तर आशीर्वाद राहिला बाजूला, म्हणाले, "तिसरं मंगलाष्टक मागं आलंच नाही, पोरी. भटजीले सांग, दम राखून म्हनत जा."

"गुरुजी, तुम्ही पुढे येऊन बसला असता तर आलं असतं."

"पुढच्या रांगेले सगळंच चांगलं लागते," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते किती वेळा ऐकलं असेल याला हिशेब नाही.

आमची ओळख गोंदियातून निघणाऱ्या एका साप्ताहिकामुळे झाली. मी तिथे उपसंपादक होते. म्हणजे बातम्या टाइप करायच्या, पानं लावायची, मथळे द्यायचे आणि संपादकांसाठी चहा सांगायचा. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते आमच्याकडे नाटकांवर लिहीत. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. मोकळ्या शेतात मंडप, समोर हजारो माणसं, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे मोटरसायकली, आणि त्यांच्याही मागे आमचे गुरुजी. त्यांच्या सदराचं नाव 'शेवटची रांग'. तिथपर्यंत जे पोहोचलं तेवढंच नाटक, बाकी सगळी रोषणाई, असा त्यांचा कायदा होता.

नाटक कंपन्या त्यांना टरकून असत. एका कंपनीच्या मॅनेजरने तर "गुरुजी किधर खड़े हैं?" म्हणून मोटरसायकलवर माणूस पाठवला आणि एक भोंगा नेमका त्यांच्या दिशेने फिरवून घेतला. गुरुजींच्या लक्षात आलं. ते मुकाट्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. थोड्या वेळाने भोंगाही तिकडे वळला. पुढच्या अंकात त्यांनी लिहिलं की नाटक बरं होतं, परंतु एक भोंगा समीक्षकाच्या पाठीमागे फिरत असल्याने इतर प्रेक्षकांची गैरसोय झाली.

बोलायचे ते गावच्या बोलीत, आणि लिहायचे ते असं शुद्ध. खिशात लाल पेन. लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुका दुरुस्त करून ती परत पाठवायचे, वर दहापैकी मार्क. यामुळे त्यांना बोलावणारी घरं दरवर्षी कमी होत गेली, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. छापलेल्या चुकीबद्दल मात्र ते फार कडक होते. चूक जिथे छापली तिथेच दुरुस्ती छापायची, आणि तेवढ्याच टायपात. एकदा मथळ्यात माझ्याकडून एका गावाचं नाव चुकलं, तर मी दुरुस्ती कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकली. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र ते कधी करत नसत. स्वतःच्या लेखाला मथळा देत नसत. "मथळा त्यानं द्यावा जो बाहेरून वाचते," म्हणायचे, आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचे. ही रीत मला तेव्हा माझा मान वाटायची. पुढे तिच्यामुळेच जे झालं ते झालं.

त्यांचा मुलगा निखिल तेव्हा कॉलेजात होता. चार पोरांनी मिळून रॉक बँड काढला होता. नाव 'बांधी', म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. गॅदरिंगला एका शाळेच्या मैदानावर त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, दुपारचा. संपादक म्हणाले, यावर दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या. गुरुजी म्हणाले, "पोट्टा माहा आहे म्हनून पुढं बसू काय?" आणि गेले. मैदानाच्या फाटकापाशी, पानठेल्याला टेकून, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. रस्त्याच्या पलीकडे एका राइस मिलची उंच भिंत होती.

त्यांनी लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'आवाज मोठा आहे, गाणं लहान आहे. मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत एकही शब्द आला नाही. जे पोहोचत नाही ते नसतंच.'

मी चोवीस वर्षांची होते आणि मथळे देण्यात स्वतःला फार हुशार समजायची. पहिलं वाक्य उचललं, कापलं आणि मोठ्या टायपात वर बसवलं: 'आवाज मोठा, गाणं लहान'. संपादक खूश झाले. अंक निघाला त्या दिवशी निखिल ऑफिसात आला. चेहरा कोरा. भांडला नाही, काही नाही. फक्त विचारलं, "ताई, मथळाही बाबांनीच दिला का?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्याने त्याचा अर्थ लावून घेतला आणि गेला. तीन आठवड्यांनी त्याने गोंदिया सोडलं. कॉलेजची पोरं महिनोन् महिने ते चार शब्द एकमेकांना ऐकवत होती. मी घाबरट होते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, यावरून अजूनही आहे असं समजावं.

त्यानंतर बाप-लेक बोलले नाहीत. निखिलचा फोन काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, यायचा, आणि फोन वाजला की गुरुजी अंगणाच्या टोकाला, कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. काकू मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. "जेवलास? खोकला आहे अजून?" फोन संपला की गुरुजी आत येऊन विचारायचे, "कोनाचा होता?" काकू म्हणायच्या, "राँग नंबर." असं दोघांचं चालायचं.

मधे एकदा सव्वीस जानेवारीला त्याच शाळेत झेंडावंदनाला गेलेले गुरुजी घाईघाईने माझ्याकडे आले. घाम आला होता. "पोरी, ते भीत होती."

"कोणती भिंत?"

"मिलची. फाटकापाशी उभा होतो. हेडमास्तरचं भाषन दोन-दोनदा ऐकू येऊन राहिलं. एकदा मायकातून, एकदा भितीवरून. शब्दावर शब्द पडते, कायी समजत नाही. वीस पावलं बाजूले सरकलो तं सगळं साफ." ते खुर्चीवर बसले. "पोट्ट्याचे शब्द येऊन राह्यले होते. मीच चुकीच्या जागी उभा होतो."

"मग सांगा ना त्याला. फोन करा."

"फोनवर कायले? छापलं होतं ना? छापूनच दुरुस्त करावं लागते." आणि मग, "पेपर तं बंद पडला."

साप्ताहिक तोपर्यंत खरंच बंद पडलं होतं. त्याचा प्रिंटर मी घेतला आणि डीटीपी-झेरॉक्सचं दुकान टाकलं. अशी ती दुरुस्ती गुरुजींच्या खिशात तशीच राहिली.

मागच्या हिवाळ्यात 'बांधी'चा नवा अल्बम आला. नाव 'पल्ला'. बँड तोवर बराच मोठा झाला होता, आणि हा अल्बम म्हणे खास मोठ्या मैदानांसाठी बांधलेला, वीस-वीस हजार माणसांसमोर वाजवायला. गुरुजी रोज अकराला दुकानात येऊ लागले. त्यांना समीक्षा हव्या होत्या. मोबाइलवर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. मी छापून द्यायची, इंग्रजी असेल तर मराठीत सांगायची, आणि ते लाल पेनाने समीक्षकांना मार्क द्यायचे.

पहिली समीक्षा चांगली होती. देशातलं प्रत्येक मैदान या अल्बमला लहान पडेल, असं कुणीतरी लिहिलं होतं. गुरुजींनी त्याला दहापैकी तीन दिले. "यानं ऐकलं कमी, घाबरला जास्त." दुसऱ्याने ढोल, दिवे आणि गर्दी यांवर दोन पानं खर्च केली होती.

"गान्याचं काय लिवलं?"

"गाण्याचं नाही काही. आवाजाचंच आहे सगळं."

"आवाज मोठा," गुरुजी पुटपुटले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते मलाही ऐकू आलं.

"तुम्ही स्वतः ऐका ना एकदा," मी म्हटलं. "हे काय, लोकांच्या तोंडून जेवण!"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "ऐकलं आनि गानं लहानच निघालं तं? मंग मी खरा ठरीन ना." माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंदगीभर लोकायले चुका दाखोल्या. या एका बाबतीत मले खरं ठरायचं नाही, पोरी."

तेव्हापासून माझीही झोप उडाली. सकाळी शटर उघडायच्या आत मी फोनवर समीक्षा शोधायची. चांगली दिसली की बरं वाटायचं, आणि तिच्यात गाण्याबद्दल काही नाही म्हणून लगेच दुसरी शोधायला लागायची. आणि एका सकाळी ती आलीच. मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकाची. मथळा मी दोनदा वाचला: 'अवाढव्य आवाज, इवलीशी गाणी'.

आता निखिल काय समजेल? बापाचंच वाक्य, माझाच मथळा, कपडे बदलून पुन्हा त्याच्या दारात उभा. मी सवयीने प्रिंट काढली आणि ड्रॉवरमध्ये कोंबली. अकराला गुरुजी आले. मी म्हटलं, आज काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते बसलेसुद्धा नाहीत.

"ड्रॉवरमधलं दे."

"कसलं?"

"तीस वर्षं मास्तरकी केली. चिठ्ठी लपवनारं पोट्टं मले समजते."

दिली. मथळ्यावर ते अडतील असं मला वाटलं होतं, पण ते तिथे थांबलेच नाहीत. मधल्या एका परिच्छेदावर थांबले. समीक्षकाने लिहिलं होतं की गायक प्रत्येक ओळीनंतर थांबतो. एका गाण्यात ठीक, पण नऊच्या नऊ गाण्यांत? शब्दही सुटे सुटे, ठेवून ठेवून म्हटलेले. ओळीनंतरची ही रिकामी जागा कशासाठी? पलीकडून कुणी उत्तर देणार आहे की काय?

"किती थांबते तो?" गुरुजींनी विचारलं.

"कुठे?"

"ओळ झाल्यावर. मले गानं ऐकवू नको. तू कानात घाल आनि टेबलावर पेन वाजवून दाखव."

मी इअरफोन लावले. ओळ सुरू झाली की पेनाने एक ठोका, संपली की एक, पुढची सुरू झाली की पुन्हा एक. दोन-तीन ओळी झाल्या. गुरुजी डोळे मिटून ते ठोके ऐकत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा असा उतरला की मी इअरफोन काढून टाकले. "गुरुजी, पाणी देऊ?" त्यांनी कागदाची घडी घातली, त्याला मार्क न देता खिशात ठेवला, आणि चहा न घेता गेले. सायकल तिथेच विसरले.

मी दोन दिवस ती सायकल बघत होते. शेवटी रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "शाळेच्या मैदानात ये. तुझा फोन घेऊन ये. माह्या हातानं ते सुरू होत नाही."

मैदानात मंचाच्या ओट्यावर साउंड सर्व्हिसवाल्याने दोन मोठे बॉक्स लावून ठेवले होते. हेडमास्तर गुरुजींचे जुने विद्यार्थी, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात, परीक्षेला आल्यासारखे. "पहिल्यापासून लाव. सगळे नऊ," म्हणाले आणि चालायला लागले. मैदान ओलांडून, कबड्डीच्या रेघा ओलांडून, फाटकापर्यंत. पानठेला आता तिथे नव्हता, पण ते नेमके त्याच जागी थांबले, मिलच्या भिंतीकडे पाठ करून. हात वर केला. मी सुरू केलं.

ओट्याजवळ नुसता दणका होता. गुरुजी तिकडे एवढेसे दिसत होते, आणि हलत नव्हते. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मला राहवेना. फोन तिथेच ठेवला आणि मी त्यांच्याकडे निघाले. मधे आवाज फुटत होता, एकमेकांत गुंतत होता. संपलं, म्हटलं, पुन्हा तेच झालं.

फाटकापाशी पोहोचले आणि तिथे मात्र सगळं जागच्या जागी होतं. निखिलचा आवाज एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. त्या रिकाम्या जागेत मिलच्या भिंतीवरून तिचं शेपूट परत यायचं, आणि ते विरलं की पुढची ओळ. शब्दावर शब्द पडत नव्हता. गुरुजी वर्गात कविता शिकवायचे तशी. मास्तरांनी म्हणायची, थांबायचं, पोरांनी मागून म्हणायची. निखिल त्यांच्याच वर्गात शिकला होता.

"पोट्ट्याले भीत समजली होती," गुरुजी म्हणाले. "माह्याहून आधी."

नऊच्या नऊ गाणी आम्ही उभ्याने ऐकली. त्यांच्या हातातलं लाल पेन केव्हातरी उघडंच खिशात गेलं, आणि सदऱ्यावर रुपयाएवढा डाग पसरला. त्यांना पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते अकराला आले. हातात एक पान. 'काही वर्षांपूर्वी याच सदरात आम्ही लिहिलं होतं की मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत एकही शब्द आला नाही. चूक गायकाची नव्हती. समीक्षक भिंतीसमोर उभा होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही. काल त्याच जागी उभं राहून 'पल्ला'मधली नऊ गाणी ऐकली. प्रत्येक शब्द आला. एका विद्वान समीक्षकांनी विचारलं आहे की पलीकडून कोण उत्तर देणार आहे. उत्तर देणाऱ्याला उशीर झाला, याबद्दल तो दिलगीर आहे. पाचवं गाणं मात्र लांबलं आहे.'

"पाचवं काढा ना," मी म्हटलं.

"कायले? लांबलंच आहे." मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मथळा तू दे."

मी पान परत त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, "गुरुजी, तेव्हा निखिलने मला विचारलं होतं, मथळा कुणाचा. मी गप्प बसले. त्याला वाटलं तुमचाच."

"मालूम आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मथळा तुझा असन. शब्द माहेच होते ना?" ते म्हणाले. "दे आता नीट."

मी साप्ताहिकाचं जुनं पान उघडलं. तेच सदर, तीच चौकट. टाइप तेव्हा जेवढा मोठा होता तेवढाच ठेवला आणि दोन शब्द बसवले: 'ऐकू आलं'. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ घातली, 'मथळा माझा, तेव्हाचाही', आणि पुढे माझं नाव. गुरुजींनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. चूक सापडली नाही. एकच प्रत छापली, तिचा फोटो काढला आणि काकूंकडून नंबर घेऊन निखिलला पाठवला.

मग आम्ही वाट बघत बसलो. एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेली. मी तिला उलटी बाजू द्यायची विसरले. फोटो पोहोचल्याची खूण आली, पाहिल्याची आली, आणि पुढे काहीच नाही. गुरुजी टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत लावत होते. "पाचव्याचं लिवाले नव्हतं पाह्यजे काय?" त्यांनी हळूच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते लिहिलेल्याबद्दल साशंक झालेले मी पाहिले.

फोन वाजला. निखिल.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. ते खुर्चीवरून ताडकन उठले, दोन पावलं मागे सरले. "स्पीकरवर टाक," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत दुकानाची पायरी उतरून थेट रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले.

मी बटण दाबलं, आवाज होता तेवढा वाढवला आणि फोन दाराबाहेर धरला. मधून ऑटो जात होते, एक ट्रॅक्टर गेला.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. आणि मग तो थांबला. तेवढीच जागा सोडून.

रस्त्यापलीकडे, लाल डाग पडलेल्या त्याच सदऱ्यात, गुरुजींनी हात वर केला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ऐकू येऊन राहिलं. बोल."